ई-कोर्ट्स अ‍ॅप आणि घटस्फोटाची केस: तारीख दिसते, अर्थ आपण लावायचा

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे अ‍ॅप फुकट आहे आणि कौटुंबिक न्यायालयातल्या पक्षकाराने ते फोनमध्ये ठेवावेच. वकिलांना फोन न करता पुढची तारीख कळते, मागच्या तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झाले याची नोंद, वाचता येतो. केस दाखल झाली की 16 अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घ्या. महाराष्ट्रात तो ‘एमएच’ने सुरू होतो, मध्ये रेघ किंवा जागा न सोडता टाकायचा. नावाने शोधले आणि स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले, तर केस सापडत नाही. एकाच जोडप्याच्या दोन-तीन केसेस असतात, प्रत्येकीचा सीएनआर वेगळा. सगळे जतन करा.

गडबड होते ती शब्दांमुळे. अ‍ॅप टप्पा दाखवते, समजावत नाही.

‘ए पिटिशन’ म्हणजे एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेला घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा. ‘एफ’ परस्पर संमतीचा. ‘ई’ पोटगीचा: पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 144. ‘एफ’मध्ये पुढची तारीख एकदम सहा महिन्यांनंतरची दिसली तर घाबरू नका, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-बची ती मुदत आहे. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ती माफ होऊ शकते, पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

‘स्टेप्स’ लिहिले असेल तर समन्स बजावणीसाठी अर्जदाराने काहीतरी करायचे राहिले आहे, बहुधा नवा पत्ता किंवा फी. लगेच वकिलांना विचारा. ‘से’ म्हणजे समोरच्याच्या अर्जावर तुमचे लेखी म्हणणे. ‘पुरसिस’ म्हणजे ‘मला आणखी पुरावा द्यायचा नाही’ यासारखे कोर्टाला लेखी कळवणे. ‘कन्सिलिएशन’ असेल त्या दिवशी विवाह समुपदेशकांपुढे स्वतः जायचे असते, नुसते वकील जाऊन भागत नाही.

सर्वात फसवा शब्द ‘डिस्पोज्ड’. लोक तो वाचून घटस्फोट झाला असे समजतात. केस निकाली निघाली, एवढाच त्याचा अर्थ. खाली निकालाचा प्रकार बघा. ‘डिसमिस्ड इन डिफॉल्ट’ असेल तर अर्जदार हजर नसल्याने दावा काढून टाकला आहे, लग्न जसेच्या तसे आहे. तो पुन्हा चालू करण्याचा अर्ज 30 दिवसांत द्यावा लागतो. ‘एक्स पार्टी’, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत दिलेला, हुकूमनामा तुमच्याविरुद्ध दिसला, तरी तो रद्द करून घेण्याची मुदतही 30 दिवसच. ती हुकूमनाम्यापासून धरतात. समन्स नीट बजावलेच नसेल तर तो कळल्यापासून. म्हणून महिन्यातून एकदा तरी अ‍ॅप उघडाच.

अ‍ॅपवरून उतरवलेली निकालाची पीडीएफ वाचण्यापुरती. पासपोर्टसाठी, पुनर्विवाहासाठी सही-शिक्क्याची नक्कलच चालते. तिचा अर्ज न्यायालयाच्या नक्कल विभागात करायचा.