दुसरी चावी घरात होती आणि मी दोन चाव्यांच्या कोडिंगचे पैसे मोजले

43,700 रुपये. टोइंगचे 2,800 धरले तर 46,500. एवढे पैसे मी गाडीचं ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदलायला दिले आणि ईसीएम बदललंच गेलं नाही. माझंच जुनं काढून, पुसून, वर नवा स्टिकर डकवून परत बसवलं. हे लिहिताना आजही हात थरथरतो. बँकेत 22 वर्षं दुसऱ्यांची कागदपत्रं तपासतो मी. ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गाडी 2015 ची डिझेल. पावसाळा सुरू झाल्यापासून झटके देत होती. चेक इंजिनचा दिवा लागायचा, आपोआप विझायचा. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी उतरलो आणि सुरूर फाट्याच्या अलीकडे ती बंद पडली ती पडलीच. धो धो पाऊस, मागच्या सीटवर आई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं डायलिसिस. ते आठवड्यातून दोनदा असतं आणि चुकवता येत नाही. ‘चार ठिकाणी विचारायचं होतंस’ असं म्हणणाऱ्यांनी त्या पावसात त्या जागी उभं राहून बघावं.

टोइंगवाल्याने हायवेलगतच्या एका गॅरेजला गाडी नेली. हा पहिला धडा: टोइंगवाला सांगेल त्या गॅरेजला गाडी नेऊ नका. मालकाने स्कॅनर लावला, टॅब माझ्यासमोर धरला. यू0100, म्हणजे ईसीएमशी संपर्क नाही. ‘साहेब, ईसीएम गेलं. कंपनीचं घ्याल तर सत्तर हजार आणि महिनाभर थांबा. माझ्याकडे रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण दुरुस्त केलेलं आहे, 34,000, सहा महिने वॉरंटी.’ मी 20,000 यूपीआयने पाठवले. आईला रिक्षाने घरी नेलं.

दोन दिवसांनी गाडी आणायला गेलो. कागदावर पेनाने लिहिलेलं: स्कॅनिंग 1,200, ईसीएम 34,000, की कोडिंग 2 नग 6,000, मजुरी 2,500. की कोडिंग म्हणजे गाडीची चावी नव्या ईसीएमला ओळखायला लावणं. ‘2 नग’ वाचलं आणि मी थांबलो. गाडीबरोबर मी एकच चावी दिली होती. दुसरी घरी कपाटात, आईच्या औषधांच्या डब्याशेजारी होती. मी विचारलंही, ‘दुसरी तर माझ्याकडेच आहे, आणून देऊ का?’ तो हसला. ‘गरज नाही साहेब, सगळ्या चाव्या एकदमच होतात.’

तिथे. तिथेच मला कळायला हवं होतं. काही गाड्यांत दुसरी चावी न आणताही काम होतं, हे मला नंतर समजलं. पण मग जी चावी त्याने हातातही घेतली नाही तिचे 3,000 कशाचे, एवढं विचारायला इंजिनियर असावं लागत नाही. मी नुसती मान हलवली आणि उरलेले 23,700 रोख मोजले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वर लागेल. तेही सोडलं. जुनं ईसीएम मागितलं तर म्हणाला, ते एक्स्चेंजमध्ये गेलं. एकामागून एक तीन गोष्टी, आणि तिन्हींना मी ‘बरं’ म्हणालो.

अकराव्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. त्याने फोन उचलला नाही. शेजाऱ्यांनी त्यांच्या ओळखीचा म्हातारा वायरमन आणला. त्याने स्कॅनर काढलाच नाही. साधा मल्टिमीटर घेतला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला, आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं तिथे 1.8 दाखवत होतं. अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची वायर चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जिथे बोल्टने बसते तिथे हिरवी पूड धरली होती, बोटाने निघत होती. वायर बदलली, जागा घासली, 650 रुपये. गाडी आजतागायत एकदाही बंद पडलेली नाही. मग त्याने ईसीएमचा फ्यूज काढून स्कॅनर लावला. तोच यू0100. फ्यूज बसवला, कोड पुसला, गेला. म्हणजे तो कोड कुणीही, केव्हाही दाखवू शकतो. तुम्हाला दाखवला तर आधी बॅटरी, फ्यूज, रिले आणि अर्थ तुमच्यादेखत तपासायला लावा.

स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. नखाने सोलला तर खाली जुना स्टिकर. गेल्या वर्षी उंदरांनी वायरी कुरतडल्या तेव्हा विम्याच्या सर्व्हेअरसाठी बॉनेटखालचे फोटो काढले होते, त्यात ईसीएमचा नंबर स्पष्ट वाचता येतो. तोच नंबर, शेवटच्या आकड्यापर्यंत. तुमच्या गाडीच्या ईसीएमचा फोटो आजच काढून ठेवा.

हे सगळं घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साताऱ्यात म्हणाले, घटना आमच्या हद्दीतली नाही. हद्दीतल्या ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं आणि म्हणाले, हा दिवाणी वाद आहे, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं, माझाच जुना भाग दुसरा म्हणून मला विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. हवालदार म्हणाला, ‘तुम्ही वकील का?’ अर्जावर पोच मागितली तर साहेब आल्यावर देऊ म्हणाले. तीन चकरा झाल्या, साहेब भेटलेच नाहीत. ग्राहकांच्या हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि गॅरेजकडून उत्तर आलं नाही असं कळवून तक्रार बंद केली. ज्याने फसवलं तो उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद! मग ती हेल्पलाइन कोणासाठी आहे? आईला डायलिसिसला सोडायचं आणि तेवढ्या चार तासांत ठाण्यात जाऊन यायचं, असे दोन महिने काढले मी. गॅरेजवाला त्या दोन महिन्यांत रोज शटर उघडतोय.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच तक्रार दाखल केली. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. माझी अडचण एकच: पुरावा फक्त 20,000 च्या यूपीआयचा आहे. रोखीचे 23,700 त्या पेनाने लिहिलेल्या कागदावर आहेत, ज्यावर ना सही ना शिक्का. रोख देऊ नका. पक्कं बिल घ्या, त्यावर सुट्या भागाचा नंबर लिहून घ्या, जीएसटी भरायला लागला तरी चालेल. आणि काढलेला भाग हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

तो सोललेला स्टिकर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, दुसऱ्या चावीजवळ. पुढच्या तारखेला दोन्ही घेऊन जाणार आहे.