शून्य मशागत पेरणी यंत्र: कोरेगावच्या 30 गुंठ्यांतील अनुभव

गेल्या रब्बीत सोयाबीन निघाल्यावर कोरेगाव तालुक्यातील आमच्या 30 गुंठे काळ्या रानात, कुळव किंवा रोटाव्हेटर न घालता, भाड्याने आणलेल्या नऊ फणी शून्य मशागत यंत्राने हरभरा पेरला. सोयाबीन विळ्याने कापून बांधावर मळल्यामुळे रानात फक्त उभी धसकटे होती आणि अशा रानासाठी हे यंत्र मला मनापासून योग्य वाटते. त्याचा अरुंद फण जमीन उलथत नाही. तो चीर पाडतो आणि बी व खत वेगवेगळ्या नळ्यांतून तिच्यात सोडतो. मशागतीने ढेकळे निघून उन्हात उडून जाणारी ओल त्यामुळे जागेवर राहते, आणि जिरायती हरभऱ्याची उगवण त्याच ओलीवर अवलंबून असते.

मात्र यंत्र रानात घालण्याआधी त्यातून किती बियाणे पडते ते मोजून घ्यावे. दोन ओळींत 30 सेंटिमीटर अंतर हवे म्हणून आम्ही तीन फण काढून सहा ठेवले, त्यामुळे पेरणीची रुंदी 1.8 मीटर झाली. यंत्राच्या ज्या चाकाच्या फिरण्याने बी पडते, त्याचा परीघ 1.5 मीटर भरला. म्हणजे चाक उचलून हाताने 15 फेरे दिले की 40.5 चौरस मीटर, एकराचा शंभरावा भाग, पेरल्यासारखे होते. एकरी 28 किलोच्या हिशेबाने सहा नळ्यांतून मिळून 280 ग्रॅम बी पडायला हवे होते. पहिल्या खेपेस बरेच जास्त पडले. चालकाला पुढचे रान गाठायचे होते, तरी आम्ही प्रमाण जुळेपर्यंत त्याला थांबवले. पुढे घाईत एक नळी तुंबली ती कुणाच्या लक्षात आली नाही. बांधालगतची ओळ मोकळी राहिली आणि ती आईने हाताने टोकली. यंत्रामागून एक माणूस चालायलाच हवा.

उसाचे पाचट पसरलेल्या रानात हे साधे यंत्र मागवू नये, कारण फणांत पाचट अडकून ढीग ओढले जातात. काळ्या मातीत ओल जास्त असेल तर चीर मिटत नाही, बी उघडे पडते. वापसा येईपर्यंत, म्हणजे जास्तीची ओल निघून रान पेरणीजोगे होईपर्यंत, धीर धरावा. कुळवणी नसल्याने आधीचे तणही आपोआप जात नाही, ते आम्ही पेरणीपूर्वी खुरपून घेतले.

एक-दोन एकरांसाठी यंत्र विकत घेणे परवडणारे नाही. यंदा शेजारच्या तिघांनी आमच्याबरोबर एकाच दिवशी ते मागवायचे ठरवले आहे, म्हणजे फणांचे अंतर आणि बियाण्याचे प्रमाण एकदाच लावावे लागेल.