जुन्या एमएक्स-५ मधली नवी म्युझिक सिस्टीम: नऊ महिन्यांनंतर

सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जड सूर (बास) वाजवणारा स्पीकर, तिसऱ्याच महिन्यात काढून टाकला. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आवाज सुधारायचा म्हटलं की पहिला प्रश्न त्याचाच असतो. मीही तिथूनच सुरुवात केली. दारांकडे शेवटी वळलो, तीच आधी हाताळली असती तर निम्मं सामान घ्यावंच लागलं नसतं.

गाडी १९९१ ची माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली. झाकणं उघडून वर येणारे दिवे, कापडी छत, १.६ लिटरचं इंजिन आणि टनाच्याही आत वजन. कॅसेट प्लेअर मूळचाच होता आणि कॅसेट गिळून परत न देण्याची खोड त्याला लागली होती. दारातल्या स्पीकरच्या कोनाभोवतीची (कोन म्हणजे हलणारा शंकूसारखा पडदा) फोमची कड बोट लावताच भुगा होऊन पडली. तीस वर्षांत फोमचं असंच होतं, त्यात कुणाचा दोष नाही.

हेड युनिटवर, म्हणजे डॅशबोर्डातल्या मुख्य प्लेअरवर, फार वेळ घालवणार नाही. सिंगल डिनचं, म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर तोंडाचं साधं युनिट घेतलं. ब्लूटूथ, यूएसबी आणि आवाजासाठी खरंखुरं फिरणारं बटण एवढंच बघितलं. मोठ्या टचस्क्रीनचा मोह झाला होता. पण छत उघडं असताना स्क्रीनवर ऊन पडलं की त्यात फक्त आपलंच तोंड दिसतं, हे एका मित्राच्या गाडीत बघितलं होतं. शिवाय जुन्या डॅशबोर्डात तो लखलखता चौकोन नव्या दातासारखा वेगळा दिसतो. खाली उरलेल्या जागेत एक खण बसवला, त्यात गॉगल राहतो. नऊ महिन्यांत युनिटने एकदाही त्रास दिला नाही. फोनवर बोलायचा मायक्रोफोन मात्र छत उघडं असताना कुचकामी आहे. पलीकडच्याला वाटतं, मी वादळातून बोलतोय.

युनिटच्या डब्यावर '५० वॅट गुणिले ४' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. चालू गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर, आत व्होल्टेज वाढवणारी वेगळी यंत्रणा नसेल, तर चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात फार तर २५-२६ वॅट देता येतात, प्रत्यक्षात वीसच्या आसपासच. याच्या वरचा आकडा क्षणभराचा, किंवा आवाज फाटल्यानंतरचा. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती जोरात वाजतो ते. ८६ डेसिबलवाला आणि ९२ डेसिबलवाला स्पीकर सारख्याच जोरात वाजवायचे, तर पहिल्याला चौपट वॅट लागतात. मी हे उशिरा वाचलं, तोवर पहिली जोडी बसवून झाली होती. ती बदलली.

आता दारं. या गाडीचं दार म्हणजे आतून एक पोकळ पत्र्याचा डबा, वर काचेचं यंत्र, आणि झाकायला दमट हवेत पापडासारखं वाकडं होणारं पुठ्ठ्याचं पॅनेल. अशा डब्यात कितीही महागडा स्पीकर लावा, कोनच्या पुढून निघालेला बास पत्र्यातल्या भोकांमधून मागच्या बाजूच्या हवेला जाऊन मिळतो आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून आधी ब्यूटाइलची (रबरासारखी, पत्र्याचा थरथराट शोषणारी) चिकट पत्रं आणली. बाहेरच्या पत्र्याला आतून तुकडे चिकटवले, मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बुजवली. दाराच्या तळाला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात, ती तेवढी मोकळी सोडली. ती चुकून बुजली तर काचेवरून आत उतरलेलं पाणी दारातच साचतं आणि दार खालून कुजायला लागतं.

एका दाराला अख्खी दुपार लागली. पॅनेलच्या क्लिपा निम्म्या तुटल्या, त्या तुटणारच, आधीच नव्या आणून ठेवा. स्पीकरखालची रिंग मी पहिल्यांदा एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची केली. दारात ओल येतेच, त्यामुळे दोन महिन्यांत ती फुगली. दुसऱ्यांदा जाड प्लॅस्टिकची कापून घेतली. खोली मोजताना काच पूर्ण खाली उतरवून मोजा. माझा पहिला स्पीकर बंद काचेला छान बसला होता. काच खाली आली आणि चुंबकाला थडकून कुंथायला लागली.

पण दार बंद करून पहिलं गाणं लावलं तेव्हा लक्षात आलं, इतके दिवस मी बास विकत घ्यायच्या गोष्टी करत होतो आणि तो दाराच्या भोकांतून गळत होता. स्पीकर तेच, युनिट तेच. तबल्याचा डग्गा पहिल्यांदा डग्ग्यासारखा वाजला. दार लावतानाचा पत्र्याचा खडखडाटही गेला, आता 'धप्प' असा जाड आवाज येतो. एवढं एकच काम करायची ऐपत असेल तर हेच करा.

अॅम्प्लिफायर डिकीत आहे. क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या) प्रकारचा, चार चॅनेलचा, जाड पुस्तकाएवढा. या गाडीची एक सोय म्हणजे बॅटरीही डिकीतच असते. बाकी गाड्यांत पॉवरची जाड केबल इंजिनाकडून भिंत भेदून मागे आणावी लागते, इथे ती हातभर पुरली. तरीही बॅटरीजवळ फ्यूज टाकलाच. केबल छोटी आहे म्हणून शॉर्ट सर्किट तिला सोडत नाही. केबल घेताना शुद्ध तांब्याचीच आहे ना हे खरवडून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार दिसायला तितकीच जाड असते, वीज वाहून नेण्यात कमी पडते. अॅम्प तळाला न ठेवता उंचावर पट्टीवर बसवला. या गाडीच्या छताचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जातं आणि त्या नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी आत शिरतं. माझ्याकडे एकदा शिरलं, कार्पेट भिजलं, अॅम्प वाचला.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू केलं तर स्पीकरमधून 'कुंईईई'. अॅक्सिलरेटर दाबला की सूरही चढत जाणार. हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा आवाज, आणि बहुतेक वेळा अर्थिंगचा प्रश्न. मी अॅम्पची काळी वायर रंगलेल्या पत्र्यावरच्या बोल्टाला जोडली होती. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, तिथे जोडली, निम्मी कुंई गेली. उरलेली निम्मी दोन आठवडे छळत राहिली. शेवटी कळलं की युनिटकडून अॅम्पला सिग्नल नेणारी आरसीए वायर मी बॅटरीकडून पुढे जाणाऱ्या मुख्य केबलच्या कुशीतूनच नेली होती. ती उचलून गाडीच्या दुसऱ्या कडेने नेली आणि गप्प झालं सगळं. अॅम्पवरचं 'गेन' हे बटण आवाज वाढवायचं नाही, हेही तेव्हाच शिकलो. ते युनिटच्या सिग्नलशी जुळवायचं असतं. उगाच चढवलं की खरखरही चढते.

वायरिंगचा आणखी एक किस्सा. युनिटची सुरुवातीची जोडणी एका दुकानात करून घेतली होती. तिथल्या कारागिराने पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून टाकली. पिवळीला कायम १२ व्होल्ट लागतात, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला. लाल वायर किल्लीसोबत चालू-बंद व्हायला हवी. दोन्ही एक केल्यावर युनिट कधी झोपेचना. आधीच या गाडीची बॅटरी लहान, चौथ्या दिवशी सकाळी गाडी मेलेली. मल्टीमीटर लावला तर गाडी बंद असताना ३५० मिलिअँपिअर जात होते. वायर सुट्या केल्यावर २५ च्या आत आले, ५० च्या आत असले की काळजी नसते. असंच निळ्या वायरचं. निळी अँटेनाच्या मोटरसाठी आणि निळी-पांढरी अॅम्प जागा करण्यासाठी. अँटेना दुसरीला जोडली गेली, तर ब्लूटूथवर गाणं ऐकतानाही ती ऐटीत वर येऊन उभी राहते. आणि डॅशबोर्डाखाली पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

मग सबवूफर का काढला? डिकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे. डिकीत ठेवलेल्या सबवूफरने नंबर प्लेट सुंदर वाजायची, माझ्यापर्यंत मात्र फक्त गुरगुर पोहोचायची. पुढे त्याच जातीचा चपटा प्रकार शेजारच्या सीटपुढे पायाशी ठेवून पाहिला. बायकोने दोन फेऱ्या सहन केलं, तिसऱ्या फेरीला विचारलं, "मी येऊ की हा येणार?" हाही प्रश्न सुटला.

खरी गोम छतात आहे. बंद गाडीची छोटी केबिन खालचे सूर आपोआप उचलून देते. छत उघडलं की ती मदत एका क्षणात नाहीशी होते आणि तेच गाणं पोकळ वाटतं. त्यातून वारा. फोनवरच्या मीटरचा आकडा फार काटेकोर नसतो, तरी ताशी १०० ला छत उघडं असताना तो ९० डेसिबलच्या आसपास खेळायचा. त्याच्या वर गाणं काढायचं म्हणजे कानांचा प्रश्न. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची कामाच्या ठिकाणची शिफारस आहे ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. त्या हिशेबाने ९१ ला दोनच तास. म्हणून मी ठरवून टाकलंय, ताशी ८० च्या पुढे छत उघडं असेल तर सिस्टीम बंद. तसंही या गाडीच्या एग्झॉस्टच्या आवाजावर माझदाच्या माणसांनी मुद्दाम मेहनत घेतली होती, तो फुकट ऐकायला मिळतो.

शहरी वेगात मात्र उघड्या छताखाली उत्तम वाजतं, आणि त्याचं श्रेय डोक्यामागच्या स्पीकरना. पहिल्या पिढीतल्या काही एमएक्स-५ मध्ये हेडरेस्टच्या कापडाआड छोटे स्पीकर कारखान्यातूनच यायचे. माझ्या गाडीत ते होते, पण वायरी कुणीतरी कापलेल्या. त्यांच्या जागी नवे छोटे कोन बसवले, अॅम्पचे मागचे दोन चॅनेल त्यांना दिले आणि ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं तोडून टाकलं. वारा कितीही असो, कानापासून वीतभर अंतरावरचा आवाज पोहोचतोच, त्यामुळे एकूण आवाज कमी ठेवूनही शब्द कळतात. एक तोटा आहे. ते जरा जास्त वाढवले की गायक मानेमागे येऊन बसतो. म्हणून पातळी अशी ठेवलीय की बंद केल्यावरच त्यांची उणीव जाणवावी.

युनिटमध्ये दोन इक्वलायझर (वरच्या-खालच्या सुरांचं प्रमाण बसवायची सेटिंग) साठवले आहेत, एक छत बंदचं, एक उघड्याचं. टाइम अलाइनमेंटही केलं, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकाच वेळी कानात पोहोचेल असं जुळवलं. माझ्या दारातला स्पीकर कानापासून पाऊण मीटरवर, शेजारचा सव्वा मीटरवर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे जवळच्याला दीड मिलिसेकंद थांबवायचं. केल्याबरोबर गाणं दारातून उठून काचेपुढे मध्यावर आलं. शेजारी बसणाऱ्याला मात्र सगळं माझ्याच बाजूने वाजल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही.

कुठेही पत्रा किंवा डॅशबोर्ड कापला नाही. मूळ प्लग न तोडता मधला जोड लावला, कॅसेट प्लेअर कापडात गुंडाळून ठेवलाय. उद्या गाडी विकायची झाली तर तासाभरात जागेवर जाईल.

सध्याची तक्रार एकच. शेजारच्या दाराची एक क्लिप पुन्हा निसटलीय आणि ठरावीक खालच्या सुराला पॅनेल कडकडतं. त्याच दाराचा आवाज कधीकधी दार उघडताना तुटतोही. बिजागरीपाशी रबराच्या नळीतून जाणारी मूळची वायर वाकून वाकून आतून तुटत आली असावी, असा संशय आहे. पुढच्या रविवारी पॅनेल पुन्हा उतरवणार आहे. नव्या क्लिपा आणून ठेवल्यात, या वेळी डझनभर.