लाइट गेली की शहाणा होणारा कर्सर: लॅपटॉप, दोन वर्षांनंतर

हा लॅपटॉप मी जानेवारी २०२४ मध्ये घेतला. चौदा इंची, ॲल्युमिनियमच्या बॉडीचा, सोळा जीबी रॅमचा. बाकीचे आकडे कुठेही मिळतील. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अर्धी चूक तिची नव्हतीच, हे मला फार उशिरा कळलं.

वेंगुर्ल्याजवळच्या गावात घरी बसून मी हिशोबाची कामं करतो. दोन-तीन काजू कारखाने, काही आंबेवाले, एक होमस्टे. दिवसभर टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. माऊस वापरत नाही. लॅपटॉपच्या किमतीत टचपॅडचे पैसे दिलेत, मग वर सहाशेचा माऊस कशाला?

पहिल्या वर्षात तक्रारीला जागा नव्हती. खाऱ्या हवेने तळाचे दोन स्क्रू गंजले, तेवढंच. जानेवारी २०२५ मध्ये वॉरंटी संपली आणि मार्चमध्ये कर्सरला वेड लागलं. सगळ्यांचं असंच होतं म्हणाल. मीही तेच म्हणालो, जरा वाईट शब्दांत.

बोट एका जागी ठेवलं तरी बाण हुडहुडी भरल्यासारखा थरथरायचा. मग एकदम उडी मारून कोपऱ्यात जायचा. दोन बोटांनी पान खाली सरकवायला जावं तर ते मोठंच व्हायचं. एक्सेलमध्ये तर उच्छाद. एका कारखान्याच्या काजू बी खरेदीचे आकडे उचलून त्याने शेजारच्या रकान्यात टाकले, आणि दुसऱ्या दिवशी ताळा जुळेना तेव्हा मला पत्ता लागला. कहर झाला २० एप्रिलच्या रात्री. जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची शेवटची तारीख. एकदा फाइल केलं की ते रिटर्न सुधारता येत नाही, हे भरणाऱ्यांना माहीत आहे. माझे आकडे अजून तपासायचे होते आणि बाण फाइलच्या बटणाभोवती फणसावरच्या माशीसारखा घोंघावत होता. मध्ये ओटीपी असतो म्हणून निभावलं.

घरगुती उपाय सगळे केले. पॅड कोरड्या फडक्याने पुसलं, संवेदनशीलता कमी केली, अपडेट टाकले. बॅटरी फुगली की ती खालून टचपॅडला ढकलते, म्हणून स्टीलची पट्टी आडवी ठेवून उजेडात पाहिलं. पॅड सपाट होतं. तुमचं वर आलेलं दिसलं तर मात्र लॅपटॉप तिथेच बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका.

शेवटी पहाटेची एसटी धरून घाट चढलो. आंबोलीच्या वळणावळणाने मांडीवर लॅपटॉप सांभाळत सर्व्हिस सेंटरला पोचलो. तिथल्या पोराने चार्जर लावला, बोट फिरवलं, आणि बाण कसा पाण्यावरून होडी जावी तसा चालला. दवाखान्याची पायरी चढली की पोराचा ताप उतरतो ना, तसं. दहा मिनिटं फिरवून तो म्हणाला, "सर, इथे तर ओके आहे." मी म्हटलं, घरी नाही. तो म्हणाला, "मग टचपॅड बदलून बघू. ४,८०० अधिक जीएसटी." म्हणजे ५,६६४ रुपये, न दिसलेल्या दुखण्याच्या ऑपरेशनचे. नको म्हटलं तर तपासणीचे ५९० झाले. पावती अजून जपून ठेवली आहे. तिथे कुणी एक प्रश्न विचारला असता, चार्जर लावल्यावरच होतं का, तर ही कथा तिथेच संपली असती. त्या रात्री या लॅपटॉपला मी पाचपैकी दोन तारे दिले होते.

मे महिन्यात डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन टचपॅडचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) काढून टाकला आणि रीस्टार्ट केलं. विंडोजने तो आपोआप परत बसवला. बाण शांत! मी इतका खूश झालो की ओळखीच्या चार जणांना फोन करून सांगितलं, ड्रायव्हरच होता, पाच हजार वाचले. दोनाचे साडेचार तारे केले. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला होता आणि तो त्याच आठवड्यात आला, याकडे माझं लक्ष जायचं काही कारण नव्हतं.

जून ते दिवाळी सुखात गेली. डिसेंबरमध्ये पुन्हा तेच. ड्रायव्हर तीनदा काढला, तीनदा बसवला, काही उपयोग नाही.

मग एका संध्याकाळी लाइट गेली. आमच्याकडे ही काही बातमी नव्हे. मी बॅटरीवर काम चालू ठेवलं आणि दहा मिनिटांनी लक्षात आलं की बाण शहाण्यासारखा वागतोय. लाइट आली, थरथर सुरू. प्लग काढला, बंद. लावला, सुरू. वर्षभर हा पुरावा आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर येऊन जात होता, आणि मी प्रत्येक वेळी वीज मंडळाला शिव्या देण्यात गुंतलेलो.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. चार्जर लावून मनगट ॲल्युमिनियमवर हलकेच फिरवलं की झिणझिण्या यायच्या, मुंग्या चालल्यासारख्या. अनवाणी पाय कोब्यावर टेकले असले तर बाण जास्त पिसाळायचा, पाय वर खाटेवर घेतले तर जरा कमी. डावा तळवा बॉडीवर सपाट ठेवला तर जवळजवळ थांबायचा. दोन दिवस मी हेच प्रयोग करत होतो. आयेला वाटलं, काम सुटलं.

त्याचं कारण असं. टचपॅडच्या पृष्ठभागाखाली बारीक वाहकांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली विजेचा भार साठवण्याची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स, किंचित बदलते, आणि तो बदल मोजून बोट कुठे आहे ते ठरतं. मोजमाप इतकं नाजूक की विजेचा थोडा गोंगाट मिसळला तरी दहा बोटं असल्याचा भास होतो. चार्जरमध्ये हा गोंगाट गाळायला कपॅसिटर असतात, आणि त्यांच्यातून झिरपणारा अगदी बारीक प्रवाह तिसऱ्या पिनेने जमिनीत जावा अशी सोय असते. ती वाट बंद असली तर तो लॅपटॉपच्या बॉडीवर चढून बसतो आणि तुमच्या बोटातून जमीन शोधतो. प्लगची तिसरी पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते ती उगाच नाही: ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी.

पहिला संशय एक्स्टेंशन बोर्डावर. दिवाळीनंतरच बाजारातून दीडशे रुपयांत आणला होता, घासाघीस करून. स्क्रू काढून उघडला. बाहेरून भोकं तीन, आत वायरी दोन. तिसऱ्या भोकामागे पितळेचा तुकडा नुसता शोभेला, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. स्वतःच्याच हुशारीची लाज वाटली. चारशे ऐंशी देऊन चांगला बोर्ड आणला, लावला, आणि थरथर तश्शीच.

म्हणजे दोष भिंतीत होता. वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरला शंभरचा बल्ब लावून टोकं आधी फेज आणि न्यूट्रलवर धरली: लख्ख. मग फेज आणि अर्थवर, म्हणजे तिसऱ्या भोकावर: काळोख. हा प्रयोग आपण करायचा नाही, त्याच्याकडूनच करून घ्यायचा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या लॅपटॉपाक कायएक झाला नाय. तुझ्या घराक अर्थिंगच नाय."

अर्थिंगचा पाइप जुन्या न्हाणीच्या मागे पुरलेला. वायर जिथे पाइपाला आवळली होती तो क्लॅम्प बोट लावताच चुरला, तपकिरी भुकटी तळव्यावर आली. इतकी वर्षं न्हाणीचं पाणी त्याच जागेवरून केळींना जायचं आणि तो गंज कायम ओला असायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही नवी मोरी बांधली, सांडपाणी पाइपाने मागच्या शोषखड्ड्यात सोडलं. जांभ्याची जमीन, वर मार्चचं ऊन. जागा ठणठणीत कोरडी. पावसात पुन्हा भिजली, तेव्हा माझा ड्रायव्हर 'दुरुस्त' झाला!

आये पडवीतून सगळं ऐकत होती. "न्हाणीचा पाणी तोडू नको म्हणान मी सांगी होतंय. माका इचारल्यान कोणी?"

वायरमनने पुढे जे सांगितलं ते ऐकून मात्र माझं हसू गेलं. लॅपटॉपची गळती इतकी क्षुल्लक की तिला ओला गंजही पुरतो, म्हणून पूर्वी बाण बरा चालायचा. पण खरोखर कुठल्या उपकरणात फेज बॉडीला लागली असती, तर त्या गंजातून फ्यूज उडण्याइतका प्रवाह कधीच गेला नसता, ओला असतानाही नाही. आणि नव्या मोरीत आम्ही हौसेने गीझर बसवला होता. आये रोज पहाटे पाचला ओल्या हाताने त्याचा नळ सोडते.

त्याच दिवशी नवा पाइप, कोळसा-मीठ घालून खड्डा, नवी वायर, आणि मेन बोर्डात तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. मजुरीसकट ५,१५० रुपये. टचपॅडच्या ऑपरेशनपेक्षा ५१४ ने स्वस्त. तपासणीचे ५९० धरले तर ७६ रुपये तोटा.

आता दोन महिने झाले. चार्जर लावून, अनवाणी पायांनी, हेच सगळं त्याच लॅपटॉपवर टाइप करतोय. झिणझिण्या नाहीत, बाण जिथे सांगू तिथे उभा. मासे साफ करून ओल्या बोटांनी हात लावला तर अजूनही उडतो, पण तो गुन्हा माझा. बॅटरी पहिल्यासारखी राहिली नाही, साडेतीन तासांत मान टाकते. कीबोर्ड उत्तम. भांडी घासलेलं पाणी आये आता अर्थिंगच्या खड्ड्यात ओतते आणि आत येऊन विचारते, "बाण बरो आसा मां?"

पाचपैकी चार तारे. एक त्या ५९० रुपयांपोटी कापलाय.