कंपनी फिटेड सीएनजी : सोलापुरात 14 महिने, 22 हजार किलोमीटर

गाडी 1200 सीसीची पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी कंपनीनेच बसवलेली, डिकीत 60 लिटरची एक लोखंडी टाकी. रोजची धाव सात रस्ता ते होटगी रोड, आठवड्यातून एखादी फेरी तुळजापूर, अक्कलकोट नाहीतर पंढरपूर. दोन उन्हाळे, एक पावसाळा आणि एक हिवाळा काढून झाला. शहरात एसी लावून किलोला 23-24 किलोमीटर, पुणे रस्त्यावर 80 च्या वेगाने 29-30 मिळतात. पैशांचा हिशेब सगळीकडे वाचायला मिळतो, म्हणून तो इथेच सोडतो. ही गाडी सुरक्षित चालवायला आणि सांभाळायला काय लागतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

आधी मत. गाडी जरूर घ्यावी. पण पेट्रोल गाडीसारखं ‘सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला टाकली की झालं’ असं इथे चालत नाही. डिकीत 200 बारची टाकी आहे, म्हणजे चाकातल्या हवेच्या जवळजवळ नव्वद पट दाब. चार-पाच ठिकाणी मालकाची स्वतःची नजर असावीच लागते.

सोलापुरात पहिली तक्रार उन्हाळ्यात येते: ‘टाकी फुल करूनही गॅस कमी बसतो, पंपवाला मापात मारतो.’ तसं नसतं. पंप दाब बघून बंद होतो, वजन बघून नाही. गॅस जोरात आत शिरतो तेव्हा टाकीतला गॅस दाबला जाऊन तापतो, आणि मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असताना टाकी मुळातच तापलेली असते. गरम गॅस कमी वजनातच 200 बार दाखवतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत याच टाकीत सव्वाआठ किलो बसतो, मे महिन्यात दुपारी साडेसात. पैसे किलोवर असल्यामुळे फसवणूक काही नाही, फक्त पल्ला वीस-बावीस किलोमीटरने घटतो. लांब जायचं असेल तर सकाळी सहा-सातला, गाडी रात्रभर सावलीत थंड झाल्यावर भरावा. डॅशबोर्डवरचे हिरवे दिवेही दाबच दाखवतात. भरून आल्यावर तासाभराने टाकी निवली की एक दिवा उतरतो, ती गळती नव्हे. टाकी एकदा निवल्यानंतरही, गाडी नुसती उभी असताना दिवे रोज उतरत असतील तर मात्र गळतीची शंका घ्यावी.

याच उन्हामुळे दुसरी भीती असते, टाकी फुटेल की काय. 15 अंशाला 200 बार असलेला गॅस 65 अंशाला साधारण 260 बारवर जातो, आणि टाकी तेवढं गृहीत धरूनच बनवतात. पोलादी टाकी फुटण्याचा दाब 450 बारच्या खाली असून चालत नाही. शिवाय टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आगीत तापून मोकळा होणारा सुरक्षा प्लग असतो. तो गॅस बाहेर सोडतो, टाकी फुटू देत नाही. तेव्हा उन्हात उभ्या गाडीची चिंता नको. चिंता करायची ती गंजाची, ओरखड्यांची आणि मागून बसलेल्या ठोकरीची. मागून गाडी ठोकली गेली आणि डिकीचा पत्रा टाकीपर्यंत आत आला असेल तर टाकी बाहेरून कितीही धड दिसो, तपासल्याशिवाय गॅस भरू नये.

आता गॅस भरायच्या तोंडाकडे या. इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. तोंडावर एक छोटं प्लास्टिकचं बूच असतं. पंपावर ते काढून टपावर ठेवतात, आणि निघताना ते तिथेच राहतं. बूच नसलं की सोलापूरची धूळ सरळ आत. आत एक रबरी रिंग असते, अंगठीपेक्षा लहान, आणि तिच्यामागे एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह. धुळीचा एक कण रिंगवर बसला की दर वेळी नोझल लागताना तो रबर खरवडतो. मग भरताना ‘स्स्स’ असा आवाज येऊ लागतो. नोझल काढताना एकदाच ‘फट्’ असा आवाज येणं ठीक, भरताना सतत फुसफुसणं ठीक नाही. दोन पंपांवर तसं झालं तर दोष आपल्या रिंगमध्ये, एकाच पंपावर झालं तर त्यांच्या नोझलमध्ये. रिंग स्वस्त असते, बदलायला पंधरा मिनिटं लागतात. पण ती सीएनजीचीच हवी, नळाचं वायसर घासून बसवू नये. महिन्यातून एकदा कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने तोंड पुसावं. ग्रीस किंवा तेल अजिबात लावू नये.

गॅस भरायच्या तोंडावर बाहेरून जे झाकण असतं, त्याला एक छोटा स्विच असतो. झाकण उघडं असेल तर गाडी सुरूच होत नाही, म्हणजे नोझल लावलेलं विसरून कुणी निघू शकत नाही. हा स्विच धुळीने अडकला की झाकण बंद असूनही सेल्फ लागत नाही. काही गॅरेजवाले तेव्हा त्याच्या दोन वायरी एकत्र जोडून देतात. तसं कधीही करून घेऊ नका. स्विच साफ करा किंवा नवा टाका. भरताना इंजिन बंद, हँडब्रेक वर आणि सगळे खाली, लहान मुलांसकट.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि गॅसचा संबंध बऱ्याच मेकॅनिकनाही लक्षात येत नाही. टाकीतला 200 बारचा गॅस इंजिनाला काही बारवर आणून द्यायचं काम बॉनेटखालचा रेग्युलेटर करतो. दाब एकदम उतरला की गॅस प्रचंड थंड होतो, म्हणून रेग्युलेटरभोवती इंजिनाचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. कूलंट कमी झालं की ते सगळ्यात आधी तिथे पोचेनासं होतं. लक्षण असं: शहरात काहीच जाणवत नाही, मोहोळच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं वेगात गेलं की पिकअप पडतो, झटके येतात, गाडी आपोआप पेट्रोलवर जाते. तेव्हा बॉनेट उघडून पाहिलं तर बाहेर 38 अंश असताना रेग्युलेटरवर दव किंवा बर्फाची पांढरी साय दिसते. इथे इंजेक्टर बदलून किंवा ट्यूनिंग करून काही होत नाही. आधी कूलंटची पातळी, मग पाइपातली हवा आणि थर्मोस्टॅट बघावा. पातळी दर पंधरा दिवसांनी, इंजिन थंड असताना, बाटलीवरच्या दोन रेघांच्या मध्ये हवी. गरम असताना झाकणाला हात लावू नये. आणि बोअरचं पाणी तर नकोच. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार किटलीत जसे बसतात तसेच रेग्युलेटरच्या बारीक वाटांत बसतात. तयार मिसळलेलं कूलंटच वापरावं.

हिवाळ्यात गाडी पेट्रोलवर सुरू होऊन जरा उशिराने गॅसवर जाते, त्याचं कारणही हेच. कूलंट तापल्याशिवाय यंत्रणा गॅस सोडत नाही. तोवर बटण दाबत बसू नये.

स्पार्क प्लग: गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते. प्लगच्या टोकातलं अंतर झिजून वाढलं की पेट्रोलवर गाडी लोण्यासारखी चालते आणि गॅसवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मिस मारते. 10 हजारला तपासले, 20 हजारला चारही बदलले. कंपनीने सांगितलेलेच प्लग घ्यावेत, अंतर मॅन्युअलप्रमाणे. मिस मारणारी गाडी तशीच रेटली तर न जळलेला गॅस सायलेन्सरच्या जाळीत जाऊन जळतो आणि महागाचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. एअर फिल्टर दर 5 हजारला झटकावा. मार्च ते जून आणि ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून फिरणं असेल तर त्याहून लवकर. इंजिन ऑइल गॅसवर फार काळं पडत नाही, म्हणून ‘अजून चांगलं आहे’ म्हणत लोक ते चालवत राहतात. पण रंग चांगला म्हणजे ऑइल चांगलं असं नसतं. गॅसवर ऑइलला ताप जास्त सोसावा लागतो. ठरल्या किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदला. गॅसचा फिल्टरही असतो, हे सर्व्हिसिंगला आठवण करून द्यावं लागतं. पंपाच्या कॉम्प्रेसरचं ऑइल थोडं थोडं गॅसबरोबर येतं आणि तिथे साठतं. बिलावर तो वेगळा लिहिलेला आहे का बघा.

पेट्रोल सहा ते दहा लिटर नेहमी असावं. पेट्रोल टाकीतला गाडीचा पंप त्या पेट्रोलनेच थंड राहतो, कोरडा चालला की जळतो. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून महिनोन्‌महिने ठेवणंही चूक. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आठवड्यातून एकदा पाच-सहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, इंजेक्टर मोकळे राहतात.

डिकीबद्दल स्पष्ट सांगायला हवं: जागा जवळजवळ नाही. दोन मऊ पिशव्या आणि एक छोटी बॅग, बस्स. टाकीवर सोलापुरी चादर पसरून वर सामान रचायची पद्धत बऱ्याच गाड्यांत दिसते. चादरीने टाकीला काही होत नाही, पण ती व्हॉल्व्हच्या बाजूला सरकली तर गरजेच्या वेळी हाताने बंद करायची खिटी सापडत नाही. तेवढी बाजू उघडी ठेवा. ज्वारीचं पोतं टाकीवर टेकवू नका, टाकीचे पट्टे त्या वजनासाठी नाहीत. ओलं सामान नको, पट्ट्याखाली ओल राहिली की गंज तिथूनच धरतो. व्हॉल्व्हभोवती एक हवाबंद आवरण असतं आणि त्याची नळी गाडीच्या खाली बाहेर काढलेली असते, कधी गळती झालीच तर गॅस आत न साठता बाहेर जावा म्हणून. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल या नळीच्या तोंडात बसून सिमेंटसारखा वाळतो. दर धुण्याच्या वेळी खाली वाकून ते तोंड मोकळं आहे का बघा. आणि त्या आवरणावर जोराच्या पाण्याचा फवारा मारू देऊ नका.

चालवताना. भरलेल्या टाकीमुळे मागे साठ-सत्तर किलो वजन कायमचं वाढतं, ब्रेक लागायला अंतर थोडं जास्त लागतं. मागच्या चाकांची हवा दारावरच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच, थंड चाकात. गॅसवर ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी. चौघे बसलेले, एसी चालू आणि समोर तुळजापूरचा घाट असेल तर पायथ्यालाच पेट्रोलवर घ्यावी. उतरताना दुसरा-तिसरा गिअर, न्यूट्रल कधीही नाही. दिवा शेवटचा राहिला असेल तर दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेकला जाण्याआधी हाताने पेट्रोलवर घ्या. गॅस संपून आपोआप बदलताना क्षणभर गाडी ढिली पडते, आणि उसाच्या हंगामात समोर दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे लाल दिवाही नसलेला ट्रॅक्टर असेल तर तो क्षण फार महाग पडतो.

सीएनजीला मुद्दाम घाण वास दिलेला असतो, सडक्या कोबीसारखा. आला तर गाडी कडेला मोकळ्यावर घ्या, चावी बंद करा, सगळे उतरा आणि डिकीसह दारं उघडी टाका. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने मोकळ्या जागेत पटकन वर जातो, छत असलेल्या पार्किंगमध्ये मात्र वरच साठतो. हवेत तो 5 ते 15 टक्के असेल तेव्हाच पेट घेतो, म्हणून हवा खेळू देणं हाच पहिला उपाय. मग व्हॉल्व्हची खिटी बाणाप्रमाणे बंद करा. दिवा, पंखा, पॉवर विंडो, सेल्फ, कशालाही हात लावायचा नाही, फोनही लांब जाऊनच. गाडी ओढून न्यावी, चालवून नाही. ही खिटी कुठे आहे हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एकदा हात लावून दाखवा. माचिस पेटवून गळती शोधणारे आजही आहेत. साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो, बुडबुडा आला की तीच जागा.

ड्रायव्हरच्या सीटखाली 1 किलोचं कोरड्या पावडरचं अग्निशामक ठेवा. काटा हिरव्यात हवा, आणि महिन्यातून एकदा उलटं करून हलवा, नाहीतर खडबडीत रस्त्यांनी पावडर तळाला घट्ट बसते. बाहेरून जादा हॉर्न, दिवे, अँप बसवताना वायरी कापून जोडू देऊ नका.

शेवटी हायड्रो टेस्टिंग. टाकीची चाचणी दर 3 वर्षांनी सक्तीची आहे, नव्या गाडीचीही, आणि मोजायचं ते गाडीवर लावलेल्या टाकीच्या माहितीच्या पाटीवरच्या तारखेपासून, गाडी घेतल्यापासून नव्हे. शोरूममध्ये सहा महिने उभी असलेली गाडी असेल तर तेवढे महिने आधीच गेलेले असतात. चाचणीत टाकी काढून, पाण्याने भरून 300 बारच्या वर दाब देतात, म्हणून जाताना गॅस संपवत आणून पेट्रोलवर जावं. केंद्र मान्यताप्राप्त आहे का ते विचारावं. टाकी परत बसवल्यावर, गॅस भरून, आपल्यासमोर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून घ्यावं. प्रमाणपत्रावरचा टाकीचा नंबर आणि टाकीच्या मानेवर कोरलेला नंबर एकच आहे ना, पाटीवर नवी तारीख आली ना, हे पैसे देण्याआधी बघावं. मुदत संपलेली पाटी दिसली तर पंपावर गॅस नाकारू शकतात, आणि तो नकार योग्यच असतो.