‘इतर शुल्क नियमानुसार’ : लेकीच्या इंजिनीअरिंग प्रवेशाचे दहा महिने

मे महिन्यात परीक्षेला पाच दिवस उरले असताना कॉलेजनं माझ्या मुलीचं हॉल तिकीट अडवलं. का, तर ‘बाकी १२,००० रुपये’. कशाची बाकी? कॉलेजच्या बसची. त्या बसमध्ये बसणं आम्ही डिसेंबरातच सोडलं होतं. त्या संध्याकाळी पोरगी जेवली नाही, मलाही घास गेला नाही. वर्ष संपलं की सगळं लिहून काढायचं, हे तेव्हाच ठरवलं. कॉलेजचं नाव देत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, त्यांच्या माहितीपत्रकातली एक ओळ बदलून हवी आहे.

कॅप म्हणजे राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. तिच्यातल्या ऑप्शन फॉर्म, फ्रीझ, नॉन क्रिमीलेअर या गोष्टींत जात नाही. सरळ पैशांवर येते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. आम्ही ओबीसी. हे नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात ऑपरेटर आहेत, मी सिडकोत घरीच ब्लाउज शिवते. ती बातमी वाचली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. महिन्याभरात शहरात मोठमोठे फलक लागले, ‘मुलींना शून्य फी’. आमच्या कॉलेजचाही होता.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या फेरीत नंबर लागला. काउंटरवर गेलो तर मागणी ३८,६५० रुपयांची. पावती अजून माझ्याकडे आहे. डेव्हलपमेंट फी १३,२००, विद्यापीठाची शुल्कं आणि विमा २,४५०, अनामत ५,०००, ‘कौशल्य प्रशिक्षण’ १२,०००, गणवेश, एप्रन आणि ड्रॉइंगचं साहित्य ६,०००. मी म्हटलं, साहेब, फलकावर तर शून्य लिहिलंय. त्यांनी माहितीपत्रक उलटं केलं आणि मागच्या पानावर तळाशी बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात छापलं होतं, ‘इतर शुल्क नियमानुसार’.

या ओळीनं माझं वर्ष खाल्लं. घरचे म्हणतात, तू त्या एका शब्दाला धरून बसलीस. बसले खरी. ‘नियमानुसार’ म्हणजे कोणत्या नियमानुसार? नियम कुणी केला, कुठं लिहिलाय, आकडा किती? या शब्दापुढं आपलं तोंड बंद होतं, कारण नियम म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? सरकारी वाटणारा शब्द आणि त्यामागे आकडा नाही. भाजीवालीसुद्धा जुडीचा भाव आधी सांगते, मग पिशवीत टाकते. एक साधं ब्लाउज शिवलं की माझ्या हातात दोनशे रुपये पडतात. बारा हजार म्हणजे साठ ब्लाउज. एवढे पैसे मागणाऱ्यानं कशाचे ते आधी छापायला नकोत?

पैसे भरले. दुसरा मार्ग नव्हता, जागा गेली असती. माझी एक पाटली बँकेत गेली. सोनं ठेवून कर्ज काढलं, ते अजून फिटतंय.

दिवाळीपर्यंत माझं पक्कं मत होतं की हे कॉलेज लबाड आहे. मग बिऱ्हाडातल्या एका मुलानं एफआरएचं, म्हणजे शुल्क नियामक प्राधिकरणाचं संकेतस्थळ उघडून दाखवलं. २०१५ च्या कायद्यानं हे प्राधिकरण झालं आणि विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी तेच मंजूर करतं. कॉलेजचं नाव आणि वर्ष टाकलं की त्या अभ्यासक्रमाची मंजूर फी दिसते, शिक्षण शुल्क वेगळं आणि डेव्हलपमेंट फी वेगळी. आमच्याकडून घेतलेले १३,२०० तिथल्या आकड्याशी रुपयाला रुपया जुळले. म्हणजे डेव्हलपमेंट फी कायदेशीर होती, आणि मुलींच्या सवलतीत ती मुळातच धरलेली नाही. टीएफडब्ल्यूएस या फी-सवलतीच्या जागांनाही शिक्षण शुल्कच माफ असतं, बाकीचं भरावं लागतं. इथं मी माझं मत बदललं. त्यांनी घेतलं ते बरोबर होतं, पण सांगितलं नाही. मला तर हे जास्त लागलं. सगळं नियमात होतं तर फलकावर ‘शिक्षण शुल्क शून्य, डेव्हलपमेंट फी १३,२००’ एवढं लिहायला किती रंग लागला असता? आम्ही तरीही तिथंच गेलो असतो. फक्त पाटली आधीच ठेवली असती आणि काउंटरवर चार माणसांदेखत पर्स चाचपत उभं राहावं लागलं नसतं.

‘कौशल्य प्रशिक्षण’ १२,००० मात्र त्या मंजूर फीत कुठं दिसेना. ते पुढं सांगते.

चांगलं आहे तेही लिहायला हवं. शिकवणं उत्तम आहे. प्रोग्रॅमिंगच्या मॅडम लॅब सुटल्यावरही सहा-सहा वाजेपर्यंत मुलींच्या शंका घेत बसतात. वर्कशॉपमध्ये मशिनं चालू आहेत, नुसती दाखवायला नाहीत. मूळ मार्कशीट तपासून लगेच हातात परत दिल्या. मूळ कागद अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीनं २०१८ मध्येच बजावलंय, ते या कॉलेजनं पाळलं.

आणि स्कॉलरशिप सेक्शनमधल्या ताई. मुलीचा महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवरचा अर्ज पुढं सरकेना, तेव्हा त्यांनी स्वतः बसून कारण शोधलं. खात्याला आधार जोडलेलं होतं, पण केवायसीपुरतं. सरकारी अनुदान ज्या खात्यात येतं त्याचं आधार सीडिंग वेगळं असतं, ते झालंच नव्हतं. बँकेत अर्ज दिला आणि काम झालं. त्या म्हणाल्या, “काकू, हे दर वर्षी पन्नास पोरांचं होतं.” मी विचारलं, मग प्रवेशाच्या वेळी कागदावर छापून का देत नाही? त्या क्षणभर गप्प राहिल्या. म्हणाल्या, “मी वर सांगितलंय.” ज्यांना खरं माहीत असतं ती माणसं आतल्या खोलीत बसतात आणि प्रवेशाच्या टेबलावर दुसरीच माणसं बसवतात, हे मला तिथं कळलं.

माहितीपत्रकातल्या बाकी दाव्यांबद्दल थोडक्यात. पहिल्या पानावर ‘एनबीए मानांकित’ होतं. एनबीए हे दर्जाचं मानांकन शाखेला मिळतं, तेही मुदतीपुरतं. अख्ख्या संस्थेला मिळतं ते नॅक. मुलीच्या शाखेला एनबीए नव्हतंच. ‘सर्वाधिक पॅकेज’ मोठ्या अक्षरात होतं, पण ते एका मुलाचं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना किती मुलं नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती हे भरून द्यावं लागतं, आणि तो तक्ता कॉलेजच्या संकेतस्थळावर सापडतो. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेचं ‘मँडेटरी डिस्क्लोजर’, म्हणजे कॉलेजनं सक्तीनं जाहीर करायची माहितीही तिथंच असते. मुलीनं दोन्ही शोधले, पण प्रवेश झाल्यानंतर. आधी शोधा.

माझा भाचा अमेरिकेत आहे. मला वाटायचं, तिकडं तरी सगळं चोख असेल. तो म्हणाला, मावशी, तिथं २०११ पासून कॉलेजांना संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवावाच लागतो, म्हणजे मदत वजा जाता हातातून प्रत्यक्ष किती जाणार ते दाखवणारं गणित. तरीही २०२२ मध्ये तिथल्या सरकारच्या जीएओ या तपासणी संस्थेनं कॉलेजं विद्यार्थ्यांना पाठवतात ती आर्थिक मदतीची पत्रं पाहिली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के कॉलेजं हा आकडा एक तर देतच नव्हती, नाही तर खऱ्यापेक्षा कमी दाखवत होती. ऐकून बरं वाटलं नाही. पण माझी मागणी वेडेपणाची नाही, एवढं पटलं. मी मागते तेही तेवढंच, हातातून किती जाणार तो एक आकडा.

आता बस. माहितीपत्रकात ‘बस सुविधा उपलब्ध’ एवढंच. पैसे वर्षाचे २४,०००, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता भरला. मग हिशेब केला तर सिटीलिंक या शहर बसचा पास आणि शेवटच्या टप्प्याला शेअर रिक्षा हे बरंच स्वस्त पडत होतं. जानेवारीपासून कॉलेजची बस बंद केली, तसा अर्ज दिला, पोच घेतली. आणि मे महिन्यात ती बाकी. ऑफिसातले सर म्हणाले, “बस वर्षासाठीच घ्यावी लागते, नियमानुसार.”

परत तोच शब्द. मी म्हटलं, सर, तो नियम मला लेखी द्या, मी आत्ता पैसे भरते. त्यांनी फाईल काढली, दुसरी काढली, शिपाई मामांना वर पाठवलं. दीड तास बसले. नियम कुठंच लिहिलेला नव्हता. शेवटी प्राचार्यांनी बोलावलं. मी अर्जाची पोच पुढं ठेवली, शेजारी एफआरएच्या पानाची प्रिंट ठेवली आणि पावतीवरच्या प्रशिक्षणाच्या १२,००० वर पेनानं गोल केला. आवाज चढवला नाही, पण हात थरथरत होते. त्यांनी सगळे कागद नीट वाचले. बसची बाकी तिथंच काढून टाकली आणि प्रशिक्षण ‘ऐच्छिक’ असल्याचं मान्य केलं. ऐच्छिक आहे हे मला नऊ महिन्यांनी कळत होतं. हॉल तिकीट त्याच दुपारी मिळालं, प्रशिक्षणाच्या १२,००० चा चेक जूनच्या शेवटी आला. तो दिला, हे मी मोकळ्या मनानं लिहिते. पण ज्यांनी अर्ज केला त्यांनाच मिळाला. मुलीच्या वर्गातल्या निफाडकडच्या एका मैत्रिणीच्या घरी अजून माहीतसुद्धा नव्हतं. तिच्या वडिलांना मीच फोन करून सांगितलं.

यंदा प्रवेशाला जाणाऱ्यांनी एवढंच करा. काउंटरवर कोरा कागद पुढं करा आणि म्हणा, चारही वर्षांत आमच्या हातातून जाणारे पैसे शाखा, कोटा आणि सवलत धरून लिहून द्या. कोणते सक्तीचे, कोणते ऐच्छिक, कोणते परत मिळणारे, आणि खाली शिक्का मारा. एफआरएचं पान घरून छापून न्या. ‘नियमानुसार’ म्हणाले की नियम मागा. भांडायचं नाही, पण कागद हातात आल्याशिवाय उठायचंही नाही.

परवा दुसऱ्या वर्षाची फी भरायला गेले. यंदाचं माहितीपत्रक टेबलावर होतं, म्हणून आधी मागचं पान पाहिलं. ती ओळ तशीच आहे. पण स्कॉलरशिप सेक्शनच्या दारावर त्या ताईंनी हातानं लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स चिकटवलीय : ‘मुलींसाठी शिक्षण शुल्क शून्य. डेव्हलपमेंट फी भरावी लागेल. प्रशिक्षण आणि बस ऐच्छिक. बँकेत आधार सीडिंग तपासून या.’ एक आई फोनवर त्याचा फोटो काढत होती.