सीट खाली घ्यायचीय? फोम, ब्रॅकेट की बकेट

गेल्या महिन्यात एक मित्र तक्रार घेऊन आला. हेल्मेट घातलं की डोकं छताला टेकतं. उंची सहा फूट एक इंच, गाडी जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार, आणि एकदा तरी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ती पळवायची इच्छा. तीन जणांनी त्याला तीन उपाय सांगितले होते: सीटचा फोम काप, सीट ज्यावर बसते ते ब्रॅकेट बदल, किंवा उंच कडांची, शर्यतीच्या गाड्यांतली बकेट सीट बसव. यातले दोन मी मित्रांच्या गाड्यांत जवळून पाहिलेत आणि एक माझ्याच गाडीत करून घेतलाय. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी एक गैरसमज काढू. सीट खाली गेली की गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरं आहे, पण किती? ८० किलोचा चालक ३० मिलिमीटर खाली बसला आणि गाडी त्याच्यासकट ११८० किलोची असली, तर गुरुत्वमध्य जेमतेम २ मिलिमीटर उतरतो. एवढ्यासाठी कुणी सीट उघडू नये. खरी कारणं दोनच. हेल्मेटला जागा हवी, आणि वळणावर आपण गाडीच्या वर नाही तर गाडीत बसलोय असं वाटायला हवं. करूळ घाटात एकदा खाली बसून गाडी चालवलीत की दुसऱ्या कारणाचं महत्त्व कळतं.

फोम कमी करणं सगळ्यात स्वस्त. माझदाच्या एमएक्स-५ या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचे उंच मालक जगभर हेच करतात, आणि साधारण इंचभर जागा मिळते. कुशन काढायची, कव्हर उतरवायचं आणि फोम खालच्या बाजूने कापायचा. वरून कापला तर बसायचा आकारच जातो. कव्हर ओढून धरणाऱ्या तारा फोमच्या आत असतात, त्यांच्या जवळ सुरी नेऊ नका, नाहीतर कव्हर कायमचं सैल राहतं. सीट गरम करणारी जाळी किंवा कुणी बसलंय का ते ओळखणारी सेन्सरची चटई असेल तर ती आधी सोडवून बाजूला ठेवायची.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माकडहाडाखालचा फोम कापा, मांडीखालचा पुढचा भाग ठेवा. हा उंचवटा नुसता आरामासाठी नसतो. समोरून धडक बसली की कंबर पट्ट्याखालून पुढे घसरू नये, याला त्याचा मोठा आधार असतो. कुशनवाले कारागीर सीट छान सपाट करून देतात, पण आपल्याला ती सपाट नकोच असते, हे त्यांना काम सुरू व्हायच्या आधी सांगा. याचा तोटा लांबच्या प्रवासात कळतो. बेंगळुरूपर्यंत एका दमात गेलात तर पाठीचा कणा त्या इंचाची आठवण करून देतो.

ब्रॅकेटचा मार्ग मोहात पाडतो, कारण आपल्या कोल्हापुरात तो सोपा वाटतो. शिवाजी उद्यमनगरात पट्टी कापणारा, भोकं पाडणारा, वेल्डिंग करणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. सीटची उंची कमीजास्त करणारी यंत्रणा काढून रेल, म्हणजे सीट ज्यावर पुढेमागे सरकते ती पट्टी, थेट खालच्या ब्रॅकेटवर बसवली की दीड-दोन इंच मिळू शकतात, आणि फोम जसाच्या तसा राहतो. मी हेच केलं होतं. काम दिसायला देखणं झालं. सहा महिन्यांनी सीट किंचित हलायला लागली, म्हणून उघडून पाहिली, तर मागच्या एका ब्रॅकेटला वेल्डिंगच्या कडेने केसासारखी चीर गेलेली. त्या सीटवर मी घाट उतरलो होतो, शेजारी बायको होती. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

धडकेच्या वेळी सीटवर आपल्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो, आणि बऱ्याच गाड्यांत पट्ट्याचं बक्कल सीटलाच असतं, म्हणजे तो जोरही ब्रॅकेटवरच. एफआयए या जागतिक मोटर स्पर्धा संघटनेचे नियम स्पर्धेच्या गाड्यांसाठी आहेत, पण मोजमाप म्हणून लक्षात ठेवा: सीटचा आधार पोलादाचा असेल तर जाडी किमान ३ मिलिमीटर, हलक्या मिश्रधातूचा असेल तर ५, आणि बोल्ट किमान ८ मिलिमीटर व्यासाचे. साध्या दुकानातला कुठलाही बोल्ट इथे चालत नाही, डोक्यावर मजबुतीचा दर्जा, ८.८ किंवा १०.९, कोरलेला पाहून घ्या. तुमच्याच मॉडेलसाठी तयार मिळणारे ब्रॅकेट असतील तर तेच घ्या. नसतील तर हा मार्ग सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बकेट सीट सर्वात खाली नेते आणि वळणात धरूनही ठेवते. एफआयए ८८५५-१९९९ ची खूण असलेली घ्या, तिची मुदत ५ वर्षांची असते. पण मूळ सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असेल तर ती जाते. मग डॅशवर लागणारा एअरबॅगचा दिवा फसवून विझवायला रेझिस्टर लावणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. तो दिवा खरं सांगत असतो. रोज गंगावेशीतल्या गर्दीतून जायची गाडी असेल तर उंच कडांवरून चढउतार करतानाच जीव नकोसा होईल. ही सीट ट्रॅकसाठी ठेवलेल्या गाडीचीच.

कुठलाही उपाय केला तरी स्टिअरिंग खाली आणा आणि छातीपासून त्याच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर राहतात का ते मोजा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला हवा. खांद्यावरच्या पट्ट्याची कडी खालीवर होत असेल तर तीही उतरवा. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. त्यामुळे ब्रॅकेट किंवा बकेटचं काम करायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या, विमा कंपनीचं उत्तर लेखी घ्या.

मित्राने शेवटी फोमच निवडला. मात्र मूळ कुशनला हात न लावता जुन्या गाड्यांच्या बाजारातून दुसरी आणली, तीच कापली. मूळ कुशन प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलीय.